टाकी गरम, पाणी थंड: नागपूरच्या एका कॅम्पर गाडीचे प्रकरण

"टाकी गरम होऊन राहिली, पण नळाला पाणी गरम येऊनच नाही राहिलं." डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमरावती रोडवर वाडीच्या एका वर्कशॉपमध्ये कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आणून लावताना मालकांनी केलेली ही तक्रार. निदानाच्या दृष्टीने हे वाक्य फार मोलाचे होते. आधीच्या तीन कारागिरांनी त्यातला दुसरा भागच ऐकला आणि गिझरचे सुटे भाग बदलत बसले. गरम पाण्याच्या कोणत्याही तक्रारीत पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: उष्णता तयारच होत नाही, की तयार झालेली उष्णता नळापर्यंत पोहोचत नाही? याचे उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही.

गाडी मिनीबसच्या चासीवर बांधलेली, चार जणांच्या कुटुंबाची. फेऱ्या मुख्यतः पेंचच्या सिल्लारी गेटला आणि ताडोब्याच्या कोलारा गेटला. सकाळच्या सफारीसाठी पहाटेच निघावे लागते, म्हणजे अंघोळी साडेचार-पाचच्या सुमारास. नागपूरकडच्या थंडीला कमी लेखू नये. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, आणि जंगलाच्या कडेला पारा शहरापेक्षाही खाली असतो. याची दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की थंड लाइनचे पाणीच अंगाला चटका देते. गिझरकडे कुणी बघतही नाही. उन्हाळ्यात झालेला बिघाड त्यामुळे डिसेंबरपर्यंत झाकलेला राहतो, आणि पाच-सहा महिन्यांत दोन-तीन दोष एकमेकांवर साचतात. या गाडीत तेच झाले होते. एक कारण सापडले म्हणून काम थांबवले असते, तर गाडी आठवड्याभरात परत आली असती.

गाडीतली व्यवस्था

१२० लिटरची पाण्याची टाकी, तिच्यापुढे जाळीचा फिल्टर, मग १२ व्होल्टचा डायफ्राम पंप. पंप २५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचे एकक) सुरू होतो, ४० ला बंद पडतो. तिथून थंड लाइन निघते आणि तिचा एक फाटा गिझरमध्ये जातो. गिझर आयात केलेला, २० लिटरच्या पोलादी टाकीचा, आतून काचेचा मुलामा, मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारी सळई). गॅसचा बर्नर साधारण १२,००० बीटीयूचा, म्हणजे ३.५ किलोवॅट. शिवाय २३० व्होल्टवर चालणारी १४०० वॅटची कॉइल. गिझरमधून निघालेली गरम लाइन आधी स्वयंपाकाच्या ओट्याला, मग बाथरूमला आणि शेवटी गाडीच्या मागच्या दाराशी बसवलेल्या बाहेरच्या हँडशॉवरला जाते. जंगलातून आल्यावर पायांचा चिखल धुवायला हा शॉवर. गिझरच्या मागे तीन बॉल व्हॉल्व: थंड आत जाणारा, गरम बाहेर येणारा आणि दोघांना जोडणारा बायपास. बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळ्यात गिझर रिकामा ठेवतात, त्यासाठी हा बायपास असतो. आपल्याकडे त्याची गरज नाही, पण आयात संचासोबत तो येतो आणि गोंधळ घालतो.

लाइनचा हा क्रम कागदावर काढून ठेवावा. पुढचे निम्मे काम या आकृतीवरच होते.

आधीच्या दुरुस्त्यांत थर्मोस्टॅट एकदा बदलला होता आणि कॉइल एकदा. तिसऱ्या कारागिराने गॅसचा रेग्युलेटर बदलायला सांगितले होते. कॉइल बदलण्याचे कारण काय, तर "कोलाऱ्याला लाइटवर पाणी तापायला तास लागतो." इथे जरा थांबायला हवे, कारण ही चूक घरच्या गिझरबाबतही सर्रास होते. २० लिटर पाणी १८ अंशांवरून ५५ वर न्यायला सुमारे ३,१०० किलोज्यूल लागतात. १४०० वॅटची कॉइल ते काम ३७ मिनिटांत करते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आले, की कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि जेमतेम ९५० वॅट उरते. मग तेच पाणी तापायला ५४ मिनिटे. म्हणजे कॉइल निर्दोष होती, व्होल्टेज कमी होते. "कॉइलवर क्षार बसले म्हणून वेळ लागतो" हेही खरे नाही. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, क्षाराचा थर असो वा नसो. थरामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, एवढेच. तापायला लागणारा वेळ वाढत नाही. बर्नरचे तसे नाही. बर्नरच्या ज्योतीने तापणाऱ्या नळीवर पाण्याच्या बाजूने थर बसला, की उष्णता पाण्यात जाण्याऐवजी धुराड्यातून बाहेर पडते. तिथे वेळ वाढतो आणि गॅसही वाया जातो.

पहिला अर्धा तास: फक्त मोजमाप

लागलेली साधने: स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, एक लिटरची बाटली, घड्याळ आणि मल्टिमीटर. बर्नर लावला. २२ मिनिटांनी थर्मोस्टॅटने तो बंद केला. ३.५ किलोवॅटच्या बर्नरची तीन-चतुर्थांश उष्णता पाण्यात उतरते असे धरले, तर २० मिनिटांच्या आसपास वेळ यायलाच हवा. गिझरच्या बाहेर येणाऱ्या पाइपावर थर्मामीटर दाबून कापडाने गुंडाळला: ५६ अंश. उष्णता तयार होत होती. मालकांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

मग नळ. टाकीतले थंड पाणी १८ अंश. ओट्याच्या गरम नळाला ४४ अंश, बाथरूमच्या गरम नळाला ३३. दोन्हीकडे थंड नळ पूर्ण बंद. ओटा ते बाथरूम पाइपाची लांबी दीड मीटरही नाही. एवढ्या अंतरात ११ अंश उतरत नाहीत. पाइप थंड असला तरी एक-दोन लिटर पाणी वाहून गेल्यावर फरक दोन-तीन अंशांपेक्षा जास्त राहता कामा नये. गरम लाइनमध्ये कुठून तरी थंड पाणी मिसळत होते, आणि तेही गिझरपासून दूरच्या टोकाकडून. लाइनची आकृती समोर असेल तर हे लगेच कळते: जो नळ गिझरजवळ, त्याला गरम पाण्याचा वाटा मोठा, जो लांब, त्याला कमी. गणित केले तर ओट्याच्या नळाला ६८ टक्के पाणी गिझरचे होते, बाथरूमच्या नळाला ३९ टक्केच. थर्मोस्टॅट बिघडला असता तर दोन्ही नळ सारखेच कोमट आले असते.

बायपास आधी तपासला. बॉल व्हॉल्वचा दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. इथे तो पूर्ण आडवा होता. पण दांडा आडवा असूनही आतला गोळा झिजून पाणी सोडू शकतो, म्हणून नुसत्या बघण्यावर विसंबता येत नाही.

खात्रीची परीक्षा अशी. गिझरमध्ये जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व बंद करा. बायपास बंदच. पंप चालू. आता ओट्याचा फक्त गरम नळ उघडा. गिझरला पाणीच मिळत नसल्याने टाकीत वर अडकलेली हवा थोडे पाणी ढकलेल, आणि काही सेकंदांत धार तुटायला हवी. ती तुटली नाही, तर थंड पाणी दुसऱ्या वाटेने गरम लाइनमध्ये घुसते आहे, यात शंका उरत नाही. या गाडीत धार तुटली नाही. बाटली २८ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला दोन लिटरहून थोडे जास्त थंड पाणी आडमार्गाने येत होते.

मग एकेक मिक्सर बंद करत जायचे. बाथरूमचे दोन्ही नळ आधीच बंद होते. मागच्या दाराशी जाऊन बाहेरच्या शॉवरचे झाकण उघडले. लाल आणि निळी, दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या. पाणी फक्त हँडशॉवरच्या बटणाने थांबवलेले. दोन्ही चाव्या बंद केल्या आणि ओट्याची धार पाच सेकंदांत थांबली.

असे का होते हे समजून घेतले पाहिजे, कारण कॅम्पर गाड्यांत गरम पाण्याच्या तक्रारीचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. मिक्सरच्या पोटात थंड आणि गरम पाणी एकत्र येते. हँडशॉवर बंद, चाव्या उघड्या, म्हणजे तो मिक्सर दोन्ही लाइनना जोडणारा पूल झाला. आत कुठेही गरम नळ उघडला, की गरम लाइनचा दाब उतरतो आणि थंड लाइन त्या पुलावरून आत शिरते. गळती दिसत नाही, आवाज येत नाही, पंपही नेहमीसारखाच चालतो. पाय धुऊन झाल्यावर माणूस बटण दाबतो, झाकण लावतो आणि विसरतो. घरातल्या नळांची सवय असलेल्या कुणाकडूनही हे होईल.

उपाय म्हणून बाहेरच्या मिक्सरच्या दोन्ही तोंडांना अर्ध्या इंची पितळी एनआरव्ही (पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व) बसवले, बाणाची दिशा मिक्सरकडे. बटणाचा हँडशॉवर काढून साधा लावला. आता चाव्या उघड्या ठेवल्या तर पाणी बाहेरच सांडते आणि माणूस त्या बंद करतोच. बाथरूमच्या शॉवरलाही साबण लावताना पाणी थांबवायचे बटण होते. तोही तसाच पूल होऊ शकतो, म्हणून तिथेही एनआरव्ही घातले. एनआरव्ही घेताना आतला गोळा कोरड्या हाताने दाबून बघावा. स्प्रिंग फार कडक असेल तर शॉवरची धार अर्धी होते.

पुन्हा मोजले. ओटा ५४, बाथरूम ५३.

उरलेली तक्रार

मालकांच्या पत्नीने दुसऱ्या दिवशी जे सांगितले, ते पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते. "पहाटे अंघोळीला बसलं की मधातच थंड होते. लाल लाइट लागते. दुपारी कधीच नाही होत." प्रत्येक वाक्यात माहिती आहे. पाणी मधेच थंड होते, म्हणजे बर्नर चालू असताना विझतो. लाल दिवा, म्हणजे कंट्रोल बोर्डाने तीन वेळा पेटवायचा प्रयत्न करून माघार घेतली. आणि हे दुपारी होत नाही.

पहाट म्हटले की सगळे गॅसवर घसरतात, आणि त्यामागे खरा आधार आहे. घरगुती एलपीजीत ब्युटेनचा वाटा मोठा. ब्युटेन सुमारे उणे अर्ध्या अंशावर उकळते, प्रोपेन उणे ४२ वर. सिलिंडर वापरात असताना प्रोपेन आधी निघून जाते आणि तळाला ब्युटेन उरते. म्हणून ५ किलोचा सिलिंडर शेवटच्या पाव भागात असेल, बाहेर ८-१० अंश असतील आणि बर्नर ताशी पाव किलोहून जास्त गॅस ओढत असेल, तर सिलिंडर स्वतःच गार पडून दाब देईनासा होतो. शंका योग्य होती. पण शंकेवरून रेग्युलेटर बदलायचा नसतो, दाब मोजायचा असतो.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पुरते. एका पाटीवर ती यू आकारात बांधली, निम्मी पाण्याने भरली, एक टोक गिझरच्या गॅस व्हॉल्ववरच्या तपासणीच्या तोंडाला लावले. घरगुती रेग्युलेटरचा दाब साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो, म्हणजे दोन बाजूंच्या पातळीतला फरक ३० सेंटिमीटर यायला हवा. बर्नर बंद असताना ३०, बर्नर पेटल्यावर २८, शेगडीही पेटवली तर २६. पहाटे पाच वाजता, अर्ध्या रिकाम्या सिलिंडरवर पुन्हा मोजले: २७. गॅस निर्दोष. पाइप काढल्यावर ते तोंड घट्ट करून साबणाच्या फेसाने तपासले. काडी पेटवून कधीही तपासू नये.

या मोजणीत एक वेगळी गोष्ट दिसली. ज्योतीची टोके पिवळी होती आणि धुराड्याच्या जाळीवर काजळी धरली होती. गिझरचा जेट, म्हणजे गॅस सोडणारे बारीक छिद्र, शुद्ध प्रोपेनसाठी कोरलेला. आपल्या ब्युटेनयुक्त गॅसला जास्त हवा लागते. बर्नरच्या नळीवरचा हवेचा पडदा थोडा थोडा उघडत ज्योत निळी केली आणि जागेवर स्क्रू आवळला. बर्नर विझण्याशी याचा संबंध नव्हता, पण अपुरे ज्वलन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग ना वास. गाडीत झोपणारी माणसे असताना हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.

आता व्होल्टेज. बोर्डाला आणि गॅस व्हॉल्वला १२ व्होल्ट लागतात. बॅटरीवर मल्टिमीटर लावला: वर्कशॉपच्या चार्जरवर १३.६. गिझर व्यवस्थित पेटला. नळ उघडला, पंप चालू झाला, गिझर तरी चालूच. इथे आधीचे कारागीर फसले होते, कारण वर्कशॉपमध्ये गाडी नेहमी चार्जरला लावलेली असते. तक्रार ज्या परिस्थितीत येते, तीच परिस्थिती उभी करावी लागते. चार्जर काढला, दिवे, पंखा आणि फ्रीज लावून ठेवले. बॅटरी १२.२ वर आली, म्हणजे जंगलात रात्र काढल्यावर असते तशी. बर्नर पेटवला, नळ उघडला. पंप सुरू होताक्षणी टक असा आवाज होऊन ज्योत विझली. दुसऱ्यांदा पेटली, पुन्हा विझली. मग लाल दिवा.

मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल तार गिझर बोर्डाच्या ऋण टोकावर. पंप बंद असताना ०.२ व्होल्ट, पंप चालू असताना १.६ व्होल्ट. या दोन टोकांत फरक जवळजवळ शून्य असायला हवा, ०.३ च्या वर गेला तर दोष समजावा. गिझर आणि पंप यांची अर्थ (अर्थिंग, म्हणजे ऋण टोकाकडची परतीची जोडणी) एकाच बारीक तारेने, एक चौरस मिलिमीटरच्या, चासीच्या एका बोल्टला जोडलेली. बोल्टखाली रंग खरवडलेला नव्हता, लगवर (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) गंज. तार आणि गंजका सांधा मिळून सुमारे ०.२ ओहम. पंप ७ अँपिअर आणि गिझर १ अँपिअर घेतो; ८ गुणिले ०.२ म्हणजे १.६. आकडा तंतोतंत जुळला. पंप सुरू होताना क्षणभर दुप्पट करंट ओढतो, तेव्हा बोर्डाला दहा व्होल्टही मिळत नव्हते आणि गॅस व्हॉल्व बंद होत होता. दुपारी सोलर पॅनल बॅटरीला १३.५ च्या वर ठेवते, म्हणून दुपारी सगळे ठीक. थंडीचा संबंध एवढाच, की पहाटे बॅटरी सर्वांत खाली असते.

गिझर बोर्डाला बॅटरीच्या ऋण पट्टीपासून स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकली, पंपाला वेगळी चार चौरस मिलिमीटरची. लग हाताने चिमटून चालत नाही, क्रिम्पिंगच्या पक्कडीनेच दाबायचा आणि वर हीटश्रिंक नळी. चासीला जिथे जोड आहे तिथे लोखंड चमकेपर्यंत खरवडले, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावले. पुन्हा मोजणी: पंप चालू असताना ०.०४ व्होल्ट. बॅटरी ११.९ वर उतरवूनही बर्नर विझला नाही.

क्षार

दोन मोठे दोष गेले, तरी बाथरूमची गरम धार बारीकच होती. थंड नळाला मिनिटाला ६ लिटर, गरम नळाला २.६. पाइप सारखेच, पंप तोच. म्हणजे गिझरमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी अडथळा. शॉवरखाली याचा त्रास असा होतो: गरम बाजू आधीच क्षीण, त्यामुळे थंड चावी सुतभर जास्त फिरली तरी पाणी एकदम गार पडते. माणूस मग चाव्यांशी झटापट करत बसतो.

गिझर पूर्ण थंड होऊ दिला. वीज आणि गॅस बंद, पंप बंद, नळ उघडून दाब सोडला. मगच २७ मिलिमीटरच्या सॉकेटने अॅनोड रॉड काढला. रॉडची नुसती तार उरली होती. टाकीच्या तळातून दोन ओंजळी पांढरी कपची निघाली. गिझरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावरच्या एनआरव्हीत हीच कपची अडकून गोळा अर्धवट बसला होता.

नागपूर महापालिकेचे पाणी पेंच धरण आणि कन्हान नदीचे. बोअरचे पाणी यापेक्षा बहुधा जास्त जड असते, आणि रस्त्यावरचे ढाबे, गावाकडचे मुक्कामाचे तळ यांच्याकडे बोअरच असते. जड पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. टीडीएस मीटरवरून जडपणाचा अंदाज बांधू नये, कारण तो विरघळलेले सगळेच क्षार एकत्र धरतो. बाटलीत थोडे पाणी घेऊन साबणाचा तुकडा हलवावा. फेस न येता दह्यासारखा साका आला, तर ते पाणी टाकीत भरायचे नाही.

साफ करायला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात २० लिटरला एक किलो. बाहेर बादलीत विरघळवून, गाळून, मग गिझरमध्ये. पाणी कोमट, ४० ते ५० अंश. ६० च्या वर नेले तर कॅल्शियम सायट्रेटचाच नवा थर बसायला लागतो. तीन तास ठेवले, मधूनमधून गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे केली म्हणजे पाणी हलते. मग काढून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुतले. संडास धुवायचे अॅसिड इथे कदापि वापरू नये, त्याने काचेचा मुलामा आणि सांधे दोन्ही जातात. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर लिंबूफूलही अर्ध्या प्रमाणात आणि कमी वेळ.

अॅनोड काढलेल्या जागी साफसफाईपुरता प्लग लागतो. इतवारीच्या हार्डवेअर दुकानांत मिळणारा पाऊण इंची प्लग बीएसपी आट्यांचा असतो, गिझर एनपीटी आट्यांचा. दोन्हींत इंचाला १४ आटे असल्याने प्लग तीन-चार फेरे सहज बसतो आणि जमले असे वाटते. पण आट्यांचा कोन एकात ५५, दुसऱ्यात ६० अंश. जोर लावून आवळला की टाकीचेच आटे खराब होतात. जुना रॉड तारेपाशी कापून त्याचेच डोके प्लग म्हणून वापरले, टेफ्लॉन टेपचे पाच वेढे देऊन. नंतर नवा मॅग्नेशियम रॉड बसवला.

गिझर पुन्हा भरताना गरम नळ उघडा ठेवून, फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत थांबायचे आणि मगच कॉइलचे बटण लावायचे. कोरड्या टाकीत कॉइल काही सेकंदांत जळते. 

एनआरव्ही साफ झाल्यावर गरम नळाला मिनिटाला ५.४ लिटर. पंपाचे सतत चालू-बंद होणे कमी करायला एक लिटरचा प्रेशर टँक पंपापुढे बसवला. त्यातली हवा पंपाच्या सुरू होण्याच्या दाबापेक्षा दोन पीएसआय कमी ठेवायची, म्हणजे इथे २३. पाण्याचा दाब शून्य असताना, पंक्चरवाल्याच्या गेजवर हे दोन मिनिटांत होते.

सेफ्टी व्हॉल्वमधून टपकणाऱ्या पाण्याबद्दल मालकांना कुणीतरी प्लग मारायला सांगितले होते. २० लिटर पाणी १८ वरून ५६ अंशांवर गेले की ते पाव लिटरहून जास्त फुगते. दोन्ही तोंडांना एनआरव्ही असलेल्या टाकीत त्याला जागा फक्त वरच्या हवेच्या थराची. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपते, मग व्हॉल्व टपकतो. गिझर थंड करून, थंड पाण्याचा व्हॉल्व बंद करून, गरम नळ उघडून सेफ्टी व्हॉल्वचा खटका वर धरला आणि पाणी थांबून आत हवा शिरू दिली. टपकणे बंद. हा व्हॉल्व १५० पीएसआय किंवा ९९ अंशांवर उघडतो आणि थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारा तो शेवटचा भाग आहे. त्याला प्लग मारणे म्हणजे बायकामुलांच्या उशाशी बॉम्ब ठेवणे. व्हॉल्व खरोखर खराब असेल तर नवा लावावा.

किती पाणी मिळेल

सगळे दुरुस्त झाल्यावरही चौघांच्या अंघोळी सलग होणार नाहीत, हे कुटुंबाला स्पष्ट सांगणे भाग होते. टाकीतले पाणी ५५ अंश, थंड पाणी १७, अंगावर घ्यायचे ४०. मिश्रणात ६० टक्के गरम लागते. काढत जाताना टाकीत थंड पाणी शिरत असते, त्यामुळे २० लिटरमधून कामाचे १४-१५ लिटर मिळतात, म्हणजे ४० अंशांचे सुमारे २४ लिटर. शॉवरला मिनिटाला ५ लिटर धरले तर पाच मिनिटांपेक्षा थोडे कमी. बादलीने अंघोळ केली तर १२-१२ लिटरच्या दोन बादल्या. आणि बादलीतच पाणी पुरते, हे कॅम्परमध्ये कितीही आधुनिक शॉवर लावला तरी खरे आहे.

त्यांच्यासाठी वेळापत्रक असे बसले: पहाटे चारला बर्नर, चार-वीसला पहिल्या दोघांच्या बादल्या भरून घ्यायच्या, बर्नर चालूच, चार-पंचेचाळीसला पुढच्या दोन. गॅस एका पहाटेला पाव किलोच्या आत. सिलिंडर शेवटच्या पाव भागात आला की डिसेंबर-जानेवारीत तो शेगडीला लावायचा आणि गिझरला भरलेला.

गाडी सोडण्याआधी सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचे भोक उघडे केले, त्यात कुणीतरी पोते कोंबले होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर त्याला खालूनच वाट लागते. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आणि बटण दाबून तो वाजतो की नाही ते पाहिले. कॉइलच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली तर पुरवठा तोडणारा स्विच) नव्हता, तो बसवला. शेवटची चाचणी वर्कशॉपमध्ये न घेता अंगणात घेतली: रात्रभर चार्जरशिवाय, पंखा आणि फ्रीज चालू, पहाटे साडेचारला बाहेर ११ अंश. बॅटरी १२.१. बाथरूमच्या गरम नळाला ५२ अंश, दोन बादल्या भरल्या, बर्नर एकदाही विझला नाही.

पुढच्या वर्षीसाठी टाकीच्या झाकणामागे चार तारखा लिहून दिल्या. ऑक्टोबरात अॅनोड काढून बघणे, तीन-चतुर्थांश झिजला असेल तर बदलणे. नोव्हेंबरात थंड व्हॉल्व बंद करून आडमार्गाची परीक्षा. दिवाळीनंतर अर्थच्या सांध्यांवर व्होल्टेजची मोजणी. आणि मार्चमध्ये, गाडी उभी ठेवण्याआधी, गिझरची टाकी रिकामी करून कपची काढणे.